आपल्या आवारातली कॉन्टेसा

स्मरणिका समितीने सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर काहीतरी लिहा म्हणून सांगितलं. नोंदणी, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्सची धावपळ यांवर इतर सभासद लिहिणार आहेतच. माझ्याकडे चौदा वर्षं सेक्रेटरीचं काम होतं, त्यामुळे इतिवृत्ताच्या वह्या माझ्या हातच्या आहेत. परवा त्या चाळताना यंदाच्या मार्च महिन्यातली एक ओळ दिसली. 'ए विंगजवळील जागेतील जुने वाहन हटविण्यात आले.' एवढीच. ती ओळ मीच लिहिलेली आहे. पण ते 'जुने वाहन' आपल्या आवारात तेवीस वर्षं उभं होतं, आणि त्याचा इतिहास एका ओळीत मावणारा नाही. त्यातून मे २०१४ मध्ये पेपरात बातमी आली, की बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बेसेडरचं उत्पादन थांबलं. मग म्हटलं, आता लिहायलाच हवं. कारण आपली कॉन्टेसा त्याच घरातली होती.

नव्या सभासदांसाठी थोडं मागचं सांगतो. १९८९ मध्ये आपण राहायला आलो तेव्हा बेचाळीस बिऱ्हाडांत मिळून तीन मोटारी होत्या. दोन पद्मिनी आणि एक ॲम्बेसेडर. त्या काळी गाडी घेणं म्हणजे आधी नंबर लावणं. कोणी किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं, आणि परदेशी गाडीवर आयात कर इतका की सामान्य माणसाने नावच घेऊ नये. त्यामुळे वर्षानुवर्षं रस्त्यावर दोनच चेहरे दिसायचे. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. आणि बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर, जी मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला छोटी गाडी मिळाली. पण मोठ्या गाडीचं काय? साहेबलोकांनी कशात बसायचं?

त्याचं उत्तर म्हणून १९८४ च्या सुमारास हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा आणली. नाव इटालियन, अर्थ सरदारीण. अंग मात्र विलायती. इंग्लंडमध्ये व्हॉक्सहॉल कंपनीची १९७२ ची व्हिक्टर नावाची गाडी होती, तीच पुढे व्हीएक्स नावाने १९७८ पर्यंत निघाली. तिकडे ती बंद झाल्यावर तिचे साचे इकडे आले. म्हणजे जगात जुनी झालेली गाडी आपल्याकडे नवी नवरी म्हणून उभी राहिली. लांबी साडेचार मीटरच्या थोडी वर. मारुती ८०० जेमतेम सव्वातीन मीटर, यावरून कल्पना करा.

पण सुरुवातीला गोम अशी होती, की या भल्यामोठ्या अंगात इंजिन मात्र ॲम्बेसेडरचंच होतं. १४८९ सीसीचं, पन्नासेक अश्वशक्तीचं. जवळजवळ बाराशे किलोची गाडी ते ओढणार किती? लोक म्हणायचे, पैलवानाचा देह आणि लहान पोराचं काळीज. पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन बसलं, जवळपास ८८ अश्वशक्तीचं, सोबत पाच गिअर. हीच ती 'क्लासिक'. नंतर इसुझूचंच दोन लिटरचं डिझेल आलं. तेव्हा कुठे देह आणि काळीज यांची गाठ पडली.

त्याच सुमारास मद्रासच्या स्टँडर्डनेही मोठी गाडी काढून पाहिली होती. अंग इंग्लंडच्या रोव्हरचं आणि इंजिन जुनं. ती काही वर्षांतच संपली. प्रीमियरने निस्सान इंजिनाची ११८ एनई काढली, ती बऱ्यापैकी चालली. पण रुबाब म्हटला की कॉन्टेसाच. मंत्री, कारखानदार, सिनेमावाले, सगळे तिच्यातून उतरायचे.

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत तीन जणांकडे कॉन्टेसा होत्या, आणि तिघांचं मत तीन तऱ्हांचं.

पहिली आली १९९१ मध्ये, ए विंगच्या काकांची. काका एका खासगी कंपनीत वर्क्स मॅनेजर होते. आखाती युद्धाच्या वेळी पेट्रोल महागलं, कंपन्यांनी खर्च आवळायला घेतला, आणि साहेबांची १९८८ ची क्लासिक काढायची ठरली. काकांनी ती विकत घेतली. कॉलनीत चर्चा झाली, यांना परवडणार कशी? काकांकडे एक डायरी होती. त्यात प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि किलोमीटर लिहिलेले असत. शहरात लिटरला आठ-नऊ. कोणी विचारलं तर लपवत नसत. म्हणायचे, "अरे, हत्ती पाळल्यावर उसाचा हिशोब विचारू नये." त्यांच्या मते तिचं खरं काम हायवेवर. मागे चार माणसं, डिकीत आठवड्याचं सामान, आणि घाटातून उतरताना पोटातलं पाणी हलत नाही. काकूंचं मत थोडक्यात असायचं, "बसायला झकास, लावायला त्रास."

दुसरी बी विंगच्या डॉक्टरांची, डिझेलची, नवी कोरी घेतलेली. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त, आणि डॉक्टरांचं फिरणं फार. ते हिशोबी माणूस. त्यांचं म्हणणं, गाडी दणकट आहे, पण शहराची नाही. जुन्या बाजारातल्या बोळात दवाखाना, तिथे वळवता वळवता हात दुखायचे, कारण पॉवर स्टिअरिंग त्यांच्या गाडीला नव्हतं. १९९९ मध्ये त्यांनी ती काढली आणि नव्या कंपनीची एसी गाडी घेतली. मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, "सेक्रेटरी, पेशंटला आणि गाडीला एकच नियम. नवं औषध चांगलं असेल तर जुनं थांबवायचं."

तिसरी आपल्या समोरच्या गाळ्यातल्या ट्रॅव्हल्सवाल्या शेठची. पांढरी, लग्नाच्या वरातीसाठी. त्यांचं मत अगदी धंद्याचं. बॉनेट लांब, म्हणजे फुलांची सजावट भरपूर बसते, आणि शालू नेसलेली नवरी न चुरगळता आत बसते. मे महिन्यात त्या गाडीला फुरसत नसायची. मुहूर्त संपले की मात्र उभी.

ही गाडी मागे का पडली? कंपनी झोपली होती असं म्हणणं सोपं आहे, पण खरं कारण वेगळं वाटतं. परवान्याच्या काळात गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नव्हता, म्हणून तीच गाडी थोडीथोडी सुधारून चालत होती. १९९१ नंतर दारं उघडली. १९९५ मध्ये दाएवूची सिएलो आली, पाठोपाठ फोर्ड, ओपेल, १९९८ मध्ये होंडा सिटी. हिंदुस्तान मोटर्सने स्वतःच त्याच वर्षी मित्सुबिशीची लान्सर बाजारात आणली. म्हणजे कॉन्टेसाला सवत घरातच आली. वर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. २००२ मध्ये कॉन्टेसाचं उत्पादन बंद झालं. तीच मॉरिसची बहीण ॲम्बेसेडर टॅक्सी आणि सरकारी खात्यांच्या जिवावर आणखी बारा वर्षं तगली. हिला तसा आधार नव्हता. ही हौशीची गाडी होती, आणि हौसेला नवे पर्याय मिळाले.

आता माझा भाग सांगतो.

१९९६ च्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. आमच्याकडे मारुती होती, पण त्यांना आडवं करता येईना. रिक्षा नाही, फोनवर रुग्णवाहिका मिळेना. काका लुंगीवरच खाली आले. मागच्या सीटवर वडील पाय किंचित दुमडून आडवे झाले, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. काका एक शब्द बोलले नाहीत, फक्त खड्डा आला की "धर" म्हणायचे. वडील त्यानंतर सात वर्षं जगले.

२६ जुलै २००५ ला आपल्या आवारात कमरेपर्यंत पाणी आलं ते सगळ्यांना आठवत असेल. सगळ्याच गाड्या बुडाल्या. बाकीच्यांच्या दुरुस्त झाल्या, काहींच्या विम्यात गेल्या. काकांची गाडी दोनदा गॅरेजला जाऊन आली, पण ती पुन्हा धड चालली नाही. सुटे भाग मिळणं अवघड झालं होतं. मेकॅनिक भंगारबाजारातून काही आणायचा, काही घडवून घ्यायचा. २००८ मध्ये नोंदणीची मुदत संपली. चालती गाडी असल्याशिवाय नूतनीकरण होणार कसं? मग ती तशीच उभी राहिली.

तोवर आपल्याकडे गाड्या तीसच्या वर गेल्या होत्या आणि जागा अकरा. २००९ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव झाला, बंद वाहनं पंधरा दिवसांत हलवावीत. ठराव योग्यच होता, आजही मी तेच म्हणेन. नोटीस मात्र मी शिपायाच्या हातून पाठवली. दोन जिने चढून स्वतः गेलो नाही. काकांचं उत्तर लेटरहेडवर आलं, एकाच वाक्याचं. 'गाडी बंद नाही, थांबलेली आहे.' समितीत हशा पिकला. मीही हसलो. पुढे कोणी रेटलं नाही, पण काकांचं माझ्याशी बोलणं कमी झालं. रोज सकाळी ते गाडी पुसायचे, मी ऑफिसला निघायचो, मान हलवायचो. २०१२ मध्ये ते गेले. त्या रात्रीचे आभार मी त्यांच्याकडे कधी नीट मानलेच नव्हते.

यंदा जानेवारीत काकूंनी मला वर बोलावलं. चहा दिला आणि म्हणाल्या, "आता ती गाडी द्यायची. तूच बघ कोणी चांगला माणूस." भंगारवाला त्यांना नको होता. दोन महिने शोधल्यावर नाशिककडचा एक तरुण सापडला, जुन्या गाड्या उभ्या करायची हौस असलेला. मार्चमध्ये तो टोइंगची गाडी घेऊन आला. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "इंजिन जाम नाहीये. कोणीतरी तेल घालून हाताने फिरवत होतं." काकू म्हणाल्या, "दर रविवारी."

काकूंनी किंमत घेतली नाही. काकांची ती डायरी त्याला दिली आणि अट एकच घातली, चालू झाली की एकदा गेटपर्यंत आणून दाखव. परवाच त्याचा फोन आला. इंजिन सुरू झालंय, ब्रेकचं काम बाकी आहे. गाडी रस्त्यावर आणायची तर परिवहन कार्यालयाचे सोपस्कारही आहेत. रौप्यमहोत्सवापर्यंत होईल की नाही ते सांगता येत नाही.

त्या जागेवर आता दोन स्कूटर आणि सी विंगच्या सभासदांची छोटी गाडी उभी असते. सगळ्यांची सोय झाली, ठराव अमलात आला. या स्मरणिकेच्या निमित्ताने मी इतिवृत्ताच्या वहीत त्या ओळीखाली माझ्या सहीने एक टीप जोडली आहे. वाहन बंद नव्हते, थांबलेले होते.

नव्या समितीला एकच विनंती. नोटीस जरूर काढा, नियम सगळ्यांना सारखेच. पण ज्याला द्यायची त्याच्याकडे स्वतः जा, आणि चहा घेऊन या.