केसपेपरची खिडकी आणि न्यायाचे दरवाजे : वैद्यकीय हलगर्जीपणाच्या कायद्याचा इतिहास

१/ नागपूरच्या ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’मध्ये सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे पाहावे. गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची माणसे रांगेत उभी असतात. उपचारात अक्षम्य चूक झाली, तर यांतील रुग्णाने दाद कोठे मागावी? या प्रश्नाचे उत्तर घडविण्यात महाराष्ट्रातील दोन खटल्यांचा वाटा फार मोठा आहे. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ चुकणाऱ्या वैद्याला जाब विचारणे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावल्यास मध्यम साहसदंड सांगितला आहे. परंतु दंड म्हणजे शिक्षा. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळणे, हा निराळा प्रश्न.

३/ भरपाईचा आधुनिक मार्ग इंग्रजी अमलात दिवाणी न्यायालयांतून आला. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हानी झाली तर दावा लावता येतो, हे त्याचे सूत्र. सूत्र सोपे होते. डॉक्टरविरुद्ध ते सिद्ध करणे सोपे नव्हते.

४/ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. दूरचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्यातील एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात दाखल केले. त्याच रात्री नऊच्या सुमारास तो मरण पावला.

५/ त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. योग्य भूल न देता, जोर लावून हाड बसविल्यामुळे मुलाला शॉक बसला, असा त्यांचा आरोप होता. डॉक्टरांच्या बाजूने मृत्यूचे कारण निराळेच सांगण्यात आले : रक्तात शिरलेले चरबीचे कण. कनिष्ठ न्यायालयाने वडिलांचे म्हणणे ग्राह्य धरून ३,००० रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

६/ २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्यात डॉक्टरांचे अपील फेटाळले. डॉक्टरची तीन कर्तव्ये त्यात स्पष्ट झाली : रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेणे. आजही वैद्यकीय हलगर्जीपणाचे निकाल या तीन कर्तव्यांचा आधार घेतात.

७/ मात्र कालावधी पाहा. मृत्यू मे १९५३ मधला, अंतिम निकाल मे १९६८ मधला. वैद्यकाची भाषा जाणणाऱ्या पित्यालाही पंधरा वर्षे लागली. ज्याला ती भाषा येत नाही, त्याने काय करावे?

८/ दुसरा खटला सरकारी रुग्णालयाचा. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या रुग्णालयात एका स्त्रीवर बाळंतपणानंतर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. रक्त टिपण्याचा कापडी मॉप पोटातच राहिला. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडून तो काढला. पण पू झाला होता. २४ जुलैला ती दगावली.

९/ कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी ‘खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा बहाल केला. पोटात राहिलेला मॉप हाच निष्काळजीपणाचा पुरावा. नेमकी चूक कोणाच्या हातून झाली हे ठरले नाही, तरी राज्याची जबाबदारी टळत नाही. रुग्णालय चालविणे हे काही सार्वभौम सत्तेचे कार्य नव्हे, की ज्याच्या आड शासनाला दडता यावे. या निकालाला जवळजवळ तेहतीस वर्षे लागली.

१०/ या दिरंगाईला पर्याय म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ पुढे आला. डॉक्टरची सेवा त्यात बसते का, यावर मोठा वाद झाला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता’ खटल्यात निर्णय दिला : मोबदला घेऊन दिलेली सेवा बसते. कमी खर्चाचा दरवाजा उघडला.

११/ पण त्याच निकालाने एक रेषाही आखली. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, तेथील रुग्ण ‘ग्राहक’ नव्हे. नोंदणीपुरते नाममात्र शुल्क भरले, तरी स्थिती बदलत नाही. म्हणजे निव्वळ केसपेपरचे पैसे देऊन कोणी ग्राहक ठरत नाही. त्याच रुग्णालयात काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील, तर मात्र मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो.

१२/ दोन निकालांत शंभर दिवसांचेही अंतर नाही. एकाने पैसे देणाऱ्यासाठी जवळची वाट काढली. दुसऱ्याने पूर्णतः मोफत उपचार घेणाऱ्यासाठी लांबची, दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी केली. गरिबाला हक्क मिळाला, पण धीम्या गतीचा.

१३/ फौजदारी मार्ग अधिक अरुंद आहे. ‘जेकब मॅथ्यू’ (२००५) निकालानुसार साधी चूक पुरत नाही. हलगर्जीपणा घोर असावा लागतो. आता भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केल्यास डॉक्टरची नोंदणी निलंबित होऊ शकते. भरपाई मात्र तेथे मिळत नाही.

१४/ ग्राहक आयोगाकडे सामान्यतः दोन वर्षांच्या आत जावे लागते. २०१९ च्या नव्या कायद्यानुसार तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रे मिळाली पाहिजेत.

१५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. कागद गेला की माणसाचे म्हणणेही त्याच्याबरोबर जाते. म्हणून घरात कोणी रुग्णालयात असेल, तर केसपेपर, चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल एका पिशवीत जपून ठेवा. गोडबोले आणि खोडवा कुटुंबांनी दशकानुदशके झगडून जो कायदा घडविला, त्याच्या दारात उभे राहायला हीच पिशवी लागते.