यंत्राशी मैत्री मोजायची कशी?

आजची सुरुवात आपल्या हिंगोलीतून. नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांच्या लहानपणाची कथा तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल. छोटा नामा नैवेद्य घेऊन विठोबासमोर बसतो आणि देव खरंच जेवल्याशिवाय हटत नाही. मोठ्यांसाठी तो रोजचा रिवाज. पोरासाठी मात्र समोर कुणीतरी ‘आहे’.

देवाची आणि यंत्राची तुलना करत नाहीये हां! मला त्या पोराच्या मनाबद्दल बोलायचंय. लहान मूल समोरच्याला ‘आपलं’ कधी मानतं, हे शास्त्रज्ञ आता रोबो समोर ठेवून मोजतायत.

पहिला टप्पा जपानचा. 2000 नंतरच्या काही वर्षांत ताकायुकी कांदा यांच्या गटाने ‘रोबोवी’ नावाचा रोबो प्राथमिक शाळेत नेला. मुलांच्या अंगावर छोटे टॅग लावले, म्हणजे कोण किती वेळ जवळ थांबलं ते आपोआप नोंदलं जाई. सुरुवातीला ही गर्दी! दुसऱ्या आठवड्यात ती ओसरली. मग पुढच्या प्रयोगात, जास्त वेळ खेळणाऱ्या मुलांना रोबो हळूहळू आपली ‘गुपितं’ सांगू लागला.

पण जवळ उभं राहणं म्हणजे मैत्री का? फुमिहिदे तानाका आणि सहकाऱ्यांनी सॅन डिएगोच्या पाळणाघरात ‘क्यूरिओ’ रोबो ठेवला आणि मुलं त्याला कुठे, कसा हात लावतात ते पाच महिने पाहिलं. हळूहळू मुलं त्याला सवंगड्यासारखा स्पर्श करू लागली. तो आडवा झाला की पांघरूण घालत. पण रोबो एकच नाच पुन्हा पुन्हा करू लागला, तेव्हा मुलांचा रस घटला.

2012 मध्ये पीटर कान यांनी 90 मुलांसमोर रोबोवीला कपाटात बंद केलं. ‘मला भीती वाटते,’ अशी त्याची विनवणी. त्याला भावना आहेत, असं बहुतेक मुलांनी सांगितलं. गंमत म्हणजे त्याला मागून माणूस चालवत होता!

2018 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी या मोजमापाची साधनंच तयार केली. एक साधन वर्तुळांचं: एक वर्तुळ तू, दुसरं रोबो, ती एकमेकांत किती मिसळलीत ते दाखव. मूळ कल्पना 1992 ची, मोठ्यांच्या नात्यांसाठीची. दुसरं: रोबोने स्वतःबद्दल काही सांगितलं, तर मूलही मनातलं सांगतं का?

इथेच खरी मेख आहे. मूल मनातलं सांगतं, पण ते ऐकणारी असते कंपनी. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत ‘मॉक्सी’ रोबोची कंपनी बंद पडत असल्याचं जाहीर झालं, आणि आपला मित्र आता बोलणार नाही हे लेकरांना कसं सांगायचं, असा प्रश्न आईबापांपुढे उभा राहिला.

भारतातही हे आलंय. केरळात वायनाडच्या सरकारी शाळेत ‘पेपे’ नावाच्या रोबोने मुलांना हात धुवायची सवय लावली. चांगलंच काम! उद्या कळमनुरी, सेनगावच्या जिल्हा परिषद शाळेत असं काही आलं, तर ‘मुलांना आवडलं का?’ एवढंच विचारू नका. दुसऱ्या महिन्यात काय झालं? मुलांचं बोलणं कुठे साठतं? आणि यंत्र बंद पडलं, तर त्या लेकराला समजावणार कोण? हे तीन प्रश्न मी शाळेच्या बैठकीत नक्की विचारेन. तुम्हीही विचारा.