काफूर आणि कापूर

आपल्या गावातल्या किराणा दुकानात कापराची बरणी एकच असते. दुकानदार त्या बरणीतून शेजारच्या काकूंना आरतीसाठी कापूर देतो. आपल्याकडे कोणाच्या घरी मय्यत झाली की अगरबत्ती, गुलाबपाणी आणि अत्तराबरोबर त्याच बरणीतला कापूर पुडीत बांधून देतो. वडी तीच, वास तोच, भावही तोच. फक्त एका घरी तिला कापूर म्हणतात आणि दुसऱ्या घरी काफूर.

या दोन शब्दांमुळे बऱ्याच जणांचा असा समज होतो की, काफूर अरबस्तानातून आला आणि कापूर मूळचा इथला. एक आपला, एक त्यांचा. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. अरबस्तानच्या वाळूत कापराचे झाड कधी उगवले नाही. महाराष्ट्राच्या जंगलातही ते कधी नव्हते. ही वस्तू दोघांनाही परकी, दोघांनीही दुरून आणलेली. ती कोठून आली आणि येताना कोणाकोणाच्या हातून आली, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत.

शब्दाचा प्रवास

कुरआन शरीफच्या सूरह अद्-दहरमध्ये नेक बंद्यांना जन्नतमध्ये मिळणाऱ्या पेयाचा उल्लेख आहे. त्या पेयात काफूर मिसळलेला असेल असे तिथे म्हटले आहे. याच सूरहमध्ये पुढे जंजबील म्हणजे आल्याचा, तर दुसऱ्या एका सूरहमध्ये मिस्क म्हणजे कस्तुरीचा उल्लेख येतो. मौलाना सय्यद सुलैमान नदवी यांनी ‘अरब व हिंद के तअल्लुकात’ या आपल्या ग्रंथात या तीन शब्दांकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. हे शब्द हिंदुस्थानच्या व्यापाराबरोबर अरबीत गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संस्कृतमधील कर्पूर, प्राकृतातील कप्पूर, इराणी भाषेतील कापूर आणि अरबीतील काफूर अशी ही साखळी आहे. अरबी लिपीत ‘प’ हे अक्षर नाही, म्हणून ‘प’चा ‘फ’ झाला. प्राकृतातून तोच शब्द मराठीत सरळ ‘कापूर’ होऊन उतरला. म्हणजे काफूर आणि कापूर ही एकाच घरातली दोन भावंडे आहेत.

पण कर्पूर हा शब्द तरी मूळचा संस्कृत आहे काय? अनेक भाषाशास्त्रज्ञांना तसे वाटत नाही. मलाय भाषेत ‘कापुर’ म्हणजे चुना, पांढरी भुकटी. मलायातील कापराचे पूर्ण नाव ‘कापुर बारूस’, बारूसचा चुना असे आहे. वस्तू जिथली, नावही तिथलेच, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक भाषेने ते आपल्या जिभेवर घोळवून घेतले.

फनसूरचा कापूर

हे बारूस सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. नवव्या शतकापासूनच्या अरबी प्रवासवर्णनांत त्या भागाला फनसूर म्हटले आहे, आणि ‘काफूर-ए-फनसूरी’ हा सर्वांत उंची कापूर मानला जाई. तिथल्या जंगलात साठ मीटरपर्यंत उंच वाढणारी झाडे असतात. त्यांच्या खोडाच्या भेगांत कापराचे खडे आपोआप साठतात. पण कोणत्या झाडात ते आहेत, हे बाहेरून कळत नाही. झाड पाडायचे, खोड फोडायचे आणि नशीब पाहायचे. बऱ्याच झाडांत काहीच निघत नसे. म्हणून मलाय भूमीवर जोहोरमधील कापूर शोधणाऱ्या आदिवासींनी स्वतःसाठी एक वेगळी बोली ठरवली होती. जंगलात असेपर्यंत नेहमीचे शब्द उच्चारायचे नाहीत, नाहीतर कापूर हाती लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

बारूसजवळ लोबू तुआ येथे 1873 मध्ये एक तमिळ शिलालेख सापडला. त्यावर शके 1010, म्हणजे इ. स. 1088 हे वर्ष आहे. हा लेख दक्षिण भारतातील ‘ऐन्नूर्रुवर’ म्हणजे ‘पाचशे’ नावाच्या व्यापारी संघाचा आहे. या संघाचे मूळ कर्नाटकातील ऐहोळेशी जोडले जाते. आपल्या पंचांगात जो शक आपण आजही मोजतो, तोच शक त्या दूरच्या किनाऱ्यावर दगडात कोरलेला आहे. त्याच किनाऱ्यावर अरब आणि इराणी व्यापारीही उतरत. पुढे सोळाव्या शतकात मलाय भाषेतील सूफी कवी हमजा फनसुरी यांनी याच गावाचे नाव आपल्या नावाला जोडले.

तेराव्या शतकाच्या शेवटी तिथून गेलेल्या मार्को पोलोने लिहिले आहे की, फनसूरचा कापूर सोन्याच्या भारोभार विकला जातो. एवढ्या मोलाची वस्तू सर्वसामान्य अरबांच्या परिचयाची कशी असणार? इ. स. 637 मध्ये मुस्लिम फौजांनी इराणची राजधानी मदाइन जिंकली, तेव्हा शाही कोठारात कापराची भांडी सापडली. काही सैनिकांना ते मीठ वाटले आणि त्यांनी ते जेवणात घातले, अशी हकीकत जुन्या अरब इतिहासकारांनी नोंदवली आहे.

मदीनेत मात्र काफूर ठाऊक होता. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसप्रमाणे, प्रेषितांच्या (स.) कन्येच्या निधनानंतर गुस्ल देणाऱ्या स्त्रियांना त्यांनी पाणी आणि बोरीच्या पानांनी तीन, पाच किंवा गरजेप्रमाणे अधिक वेळा गुस्ल द्यायला सांगितले, आणि शेवटच्या वेळी त्यात थोडा काफूर घालायला सांगितला. आपल्या घरांत बोरीचा पाला आणि कापूर आजही शोधला जातो, तो या हदीसमुळे. कपाळ, नाक, तळहात, गुडघे आणि पाय या सजद्याच्या जागांना कापूर लावण्याची रीतही आपल्या परिचयाची आहे. राजाच्या कोठारातली वस्तू अशा रीतीने गरिबातल्या गरिबाच्याही अखेरच्या प्रवासात त्याच्या वाट्याला आली.

माणसाला दिलेले सुगंधाचे नाव

कापराच्या इतिहासातील एक पान आपण सहसा उघडत नाही. अरब आणि इराणी दरबारांत गुलामांना मौल्यवान वस्तूंची नावे देण्याची पद्धत होती. याकूत, मरजान, अंबर आणि काफूर. दहाव्या शतकात इजिप्तवर राज्य करणारा अबू अल-मिस्क काफूर (मृत्यू 968) हा मूळचा आफ्रिकेतून आणलेला काळा गुलाम होता. काळ्या माणसाला पांढऱ्या कापराचे नाव देण्यात जो उपहास होता, तो त्याने कर्तृत्वाने पुसून टाकला. तरी कवी अल-मुतनब्बीने त्याच्या रंगाची आणि गुलामीची टिंगल केलीच.

आपल्या दख्खनलाही हे नाव ठाऊक आहे. अलाउद्दीन खिलजीच्या फौजेने 1299 मध्ये गुजरातच्या स्वारीत खंबायतहून एका गुलामाला नेले. एक हजार दिनार मोलाचा म्हणून तो ‘हजार दिनारी’. त्याचे नाव मलिक काफूर. 1307 च्या सुमारास तोच सेनापती म्हणून देवगिरीवर चालून आला. पुढे तीन शतकांनी त्याच देवगिरीच्या परिसरात इथिओपियातून विकत आणलेला दुसरा एक गुलाम निजामशाहीचा आधार झाला, तो मलिक अंबर. एकाचे नाव कापूर, दुसऱ्याचे अंबर. आईवडिलांनी दिलेली नावे बाजारात गळून पडली आणि मालकाने आपल्या पेटीतल्या सुगंधाचे नाव चिकटवले. सुगंधाचा इतिहास लिहिताना ही किंमतही हिशेबात धरली पाहिजे.

दुसरे झाड आणि त्याचे तेल

चीन, जपान आणि तैवानमध्ये कापराचे एक दुसरेच झाड होते, दालचिनीच्या भाऊबंदांपैकी. याच्या लाकडात कापूर भरपूर असतो, पण तो काढावा लागतो. लाकडाचे आणि मुळांचे बारीक तुकडे करून ते उकळत्या पाण्यावर ठेवतात. वाफेबरोबर कापूर वर चढतो आणि वरच्या उपड्या, थंड भांड्यात त्याचे पांढरे थर जमतात. सोबत तेलही ठिबकते. तेच कापराचे तेल.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत पक्व आणि अपक्व असे कापराचे दोन भेद आहेत. भट्टीत काढलेला तो पक्व, झाडात आपोआप साठलेला तो अपक्व. अपक्व श्रेष्ठ मानला जाई. आपल्याकडे ज्याला भीमसेनी म्हणत, तो हाच फनसूरचा कापूर. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही पदार्थ जवळचे असले तरी वेगळे आहेत. युनानी हकीम काफूर थंड आणि खुश्क मिजाजाचा मानतात. अरब तत्त्वज्ञ अल-किंदी यांच्या नावावर असलेल्या अत्तरे आणि ऊर्ध्वपातनावरील ग्रंथात शंभराहून अधिक कृती आहेत आणि त्यांत काफूर वारंवार येतो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. बोर्निओचा कापूर चिनी कापरापेक्षा कितीतरी पटींनी महाग असल्याची नोंद त्यातही आहे.

भट्टीतले तेल बराच काळ कमी मोलाचे मानले जात होते. एकोणिसाव्या शतकात लक्षात आले की, त्या तेलातच पुष्कळ कापूर विरघळलेला राहतो. तो वेगळा काढल्यावर उरलेल्या तेलाचे पांढरे, तपकिरी आणि निळे असे भाग होऊ लागले. पांढऱ्या तेलात निलगिरीच्या तेलातला सिनिओल हा घटक असतो. ते सांधेदुखीच्या मालिशीच्या तेलात आणि बाममध्ये जाते. तपकिरी तेलात सॅफ्रोल असते. ते साबणाच्या सुगंधासाठी आणि दुसरी सुगंधी द्रव्ये बनवण्यासाठी वापरले गेले. सॅफ्रोलमुळे उंदरांच्या यकृतात गाठी होतात असे आढळल्यावर अमेरिकेने 1960 मध्ये ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली.

कापूर कारखान्यात शिरतो

1870 मध्ये अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून एक नवा पदार्थ बनवण्याचे पेटंट घेतले. हाच सेल्युलॉइड. हस्तिदंताऐवजी बिलियर्डचे चेंडू बनवावेत म्हणून सुरू झालेला हा शोध कंगवे, कॉलर, बाहुल्या आणि दातांच्या कवळ्यांपर्यंत पोहोचला. टेबल टेनिसचा चेंडू तर 2014 पर्यंत सेल्युलॉइडचाच होता. आल्फ्रेड नोबेल यांनी 1887 मध्ये बनवलेल्या धूरविरहित दारूतही सुरुवातीला कापूर होता. पुढे याच सेल्युलॉइडची फिल्म झाली आणि चित्रपट जन्माला आला. ही फिल्म चटकन पेट घेई आणि काळाने कुजतही असे. 1931 मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उर्दूत नाहीसे होण्याला ‘काफूर होना’ म्हणतात. हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना आम्हाला हमखास त्या चित्रपटाची आठवण होते.

या मागणीची झळ तैवानच्या डोंगरांना लागली. तिथल्या कापराच्या मक्तेदारीवरून 1868 मध्ये ब्रिटिश नौदलाने आनपिंग बंदरावर हल्ला केला आणि चिनी अधिकाऱ्यांना मक्तेदारी सोडावी लागली. 1895 मध्ये बेट जपानकडे गेले आणि 1899 मध्ये सरकारी मक्तेदारी पुन्हा सुरू झाली. कापराची जुनी झाडे अतयाल आणि इतर आदिवासींच्या डोंगरात होती. जपान्यांनी त्या डोंगरांभोवती चौक्यांची रांग आणि विजेच्या तारा उभारल्या आणि ती रांग दरवर्षी पुढे सरकवत नेली. 1910 ते 1914 या काळात तर त्यासाठी फौजी मोहिमाच झाल्या. जगाच्या घराघरांत सेल्युलॉइडचा कंगवा पोहोचला, पण ज्यांच्या जंगलातून कापूर निघाला त्यांची जमीन गेली.

आजची वडी

कापरासाठी झाडच हवे, ही अट विसाव्या शतकात संपली. फिनलंडचे गुस्ताफ कोम्पा यांनी 1903 मध्ये प्रयोगशाळेत कापूर बनवला. पुढे पाइन वृक्षाच्या राळेपासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनपासून कापूर बनवण्याची स्वस्त रीत रूढ झाली. आपल्या कोकणात, रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळही असा कारखाना आहे. बाजारातला बहुतेक कापूर आज याच प्रकारचा असतो. पुड्यावर ‘भीमसेनी’ छापलेले असले तरी तो फनसूरच्या जंगलातून आला असे समजण्याचे कारण नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्हाला आवश्यक वाटते. जुन्या हकिमी आणि आयुर्वेदी नुस्ख्यांच्या आधारे घरच्या घरी हा कापूर किंवा त्याचे तेल पोटात घेऊ नये. लहान मुलाच्या पोटात थोडा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात. गुस्लसाठी आणलेल्या पुडीतला उरलेला कापूर मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कापूर लावण्याची सवयही धोक्याची आहे.

सांगायचे तात्पर्य असे की, बारूसच्या आदिवासीने शोधलेल्या, तमिळ आणि अरब व्यापाऱ्यांनी वाहिलेल्या त्या खड्याचे झाडही आज बदलले आणि द्रव्यही बदलले. मदीनेतील गुस्लच्या पाण्यात मिसळलेला काफूर आणि आपल्या पुडीतला कापूर रसायनाच्या भाषेत बहुधा एकच नसतील. बदललेली नाही ती कृती. मेलेल्या माणसाला स्वच्छ करून, सुगंध लावून, सन्मानाने निरोप द्यायचा. शेजारच्या घरी हीच वडी देवापुढे जळते आणि मागे राख उरत नाही. मराठी संतांनी हा दृष्टांत वारंवार दिला आहे.

आजकाल शब्दांची, पोशाखांची आणि खाण्यापिण्याचीही वाटणी करण्याची घाई सर्वत्र दिसते. हा शब्द तुमचा, ही चीज आमची. अशा वेळी किराणा दुकानातली ती बरणी डोळ्यांपुढे आणावी. तिच्यातली एक वडी मशिदीच्या गल्लीत जाते, दुसरी देवळाच्या गल्लीत. तिसऱ्या कोणाच्या तरी जंगलातून निघालेल्या या वस्तूवर मालकी सांगण्याआधी, ती आपल्यापर्यंत पोहोचवताना ज्यांची नावे आणि ज्यांची जमीन गेली, त्यांचे ऋण आपण दोघांनीही मान्य करायला हवे.