तळटीप : इंडिपेन्डन्सचे कॉलेज

इंडिपेन्डन्स कम्युनिटी कॉलेज : अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका छोट्या गावातले दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. त्याचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नेटफ्लिक्सच्या 'लास्ट चान्स यू' या मालिकेमुळे (२०१८-१९) जगाला ठाऊक झाला. मोठ्या विद्यापीठाच्या संघात जागा न मिळालेली, किंवा मिळून हातची गेलेली मुले अशा कॉलेजांत येतात आणि पुन्हा वर चढायची वाट शोधतात. मैदानावर उतरायचे तर सत्राला किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यावेच लागतात. त्यामुळे या मुलांचे भवितव्य प्रशिक्षकाइतकेच इंग्रजीच्या वर्गातही ठरते. मालिकेत दिसणाऱ्या इंग्रजीच्या प्राध्यापिका लटोन्या पिंकार्ड यांचे मोल त्यातच आहे.

कॉलेजची दुसरी ओळख जुनी आणि, संपादकाच्या मते, अधिक महत्त्वाची. 'पिकनिक'साठी १९५३ मध्ये पुलित्झर मिळवणारे नाटककार विल्यम इंज याच गावचे. त्यांच्या साहित्याचा संग्रह कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि त्यांच्या नावाचा नाट्यमहोत्सव १९८२ मध्ये इथेच सुरू झाला.

इंज यांनी खेळाडू तरुण किती जवळून पाहिला होता! 'पिकनिक'मधला हॅल म्हणजे कॉलेज गाजवून पुढे भरकटलेला फुटबॉलपटू. 'कम बॅक, लिटल शीबा' (१९५०) मध्ये तर चित्रकला शिकणारी मारी भालाफेकपटू टर्कला घरमालकांच्या दिवाणखान्यातच पवित्र्यात उभा करते आणि त्याचे चित्र काढू लागते. घरमालक डॉकला ते मुळीच खपत नाही. त्याची पत्नी लोला मात्र कौतुकाने बघते.