दफन, आवाहन आणि धर्माधिकार: सटाणा-मालेगाव परिसराचा एक धागा

आरम नदीकाठच्या सटाण्यात धर्माधिकार गादीवरूनच येतो असे नाही, हे यशवंतराव महाराज देवमामलेदार यांच्या पूजेवरून दिसते. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदारांनी, म्हणजे तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्यांनी, सरकारी खजिना रयतेसाठी रिता केला आणि लोकांनी त्यांना देवपण दिले. अडचणीत पाठीशी उभे राहून मिळवलेला हा अधिकार हिंसेपुढे कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी मात्र शेजारच्या मालेगावकडे वळावे लागते.

उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी वाढवलेल्या या गावात एप्रिल १९२१ मध्ये खिलाफत चळवळीची अहिंसेची शपथ रस्त्यावर टिकली नाही आणि जमावाने पोलीस फौजदाराला ठार मारले. ८ सप्टेंबर २००६ ची कसोटी याहून अवघड होती. शब-ए-बरात, म्हणजे पूर्वजांच्या कबरींवर दुवा मागण्याचा प्रसंग, त्यात शुक्रवार. नमाज आटोपून लोक बाहेर पडत असताना बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. संतापलेल्या जमावाने पोलिसांवर दगडफेक केली, तरी हिंदू-मुस्लीम दंगल उसळली नाही, आणि याचे काही श्रेय शांततेचे आवाहन करणाऱ्या उलेमांना, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांना, द्यावे लागते. हे आवाहन स्वस्त नव्हते, कारण संयम मागायचा होता तो ज्यांच्या घरात प्रेते आली त्यांच्याकडेच. पुढे अटक झाली तीही मुस्लीम तरुणांना, आणि त्यांना आरोपमुक्त व्हायला २०१६ उजाडले.

हिंसेपुढे धर्माधिकाराची अशी कसोटी मालेगावबाहेरही लागली. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंदच्या दारुल उलूमने, म्हणजे तेथील इस्लामी धर्मविद्यापीठाने, दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाअखेरीस मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने शहरावरील २६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यातील नऊ मृत हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली. दफन हे फर्ज-ए-किफाया, म्हणजे समाजातील काहींनी पार पाडले की सर्वांवरून उतरणारे कर्तव्य, मानले जात असल्याने या नकाराचे वजन कोणत्याही निषेधपत्रकाहून मोठे होते. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुप्तपणे पुरले आणि ही गोष्ट एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधिमंडळात सांगितली.