शातोनफची वेल आणि तळघरातली बाटली

कॅलिफोर्नियातल्या हौशी लोकांच्या तळघरांत रोन पद्धतीच्या वाइनच्या बाटल्या वर्षानुवर्षं आडव्या पडून असतात. त्यांचं मूळ गाव दक्षिण फ्रान्समध्ये, रोन नदीच्या काठी आहे: शातोनफ-द्यु-पाप. चौदाव्या शतकात पोप शेजारच्या अविन्योंत राहत होते, तेव्हा पोप बाविसावा जॉन यानं इथं वाडा बांधला. गावच्या नावातला पोप तिथला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गावाच्या नावावर भलतीच वाइन खपू लागली. मग बॅरन ल रुआ या मळेवाल्या वकिलाच्या पुढाकारानं 1923मध्ये शेतकऱ्यांनीच स्वतःला नियम घालून घेतले. जिथं लॅव्हेंडर आणि थाइम उगवतं, तीच जमीन. ठरलेल्याच जातींची द्राक्षं. मद्यार्क किमान साडेबारा टक्के. 1936मध्ये सरकारनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. या कुळकथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच: गावानं आधी स्वतःला बांधून घेतलं, कायदा मागून आला.

जाती तेरा, पण मुख्य भार तिघींवर: ग्रेनाश, सिरा, मुर्वेद्र. नाशिकची शिराझ ती हीच सिरा. ती इराणातल्या शिराझहून आली अशी दंतकथा होती. 1998मध्ये जनुकीय तपासणीत तिचे आईबाप फ्रान्समधलेच निघाले.

कॅलिफोर्नियात रँडल ग्रॅम या वाइन बनवणाऱ्यानं 1984च्या द्राक्षांपासून ‘ल सिगार व्होलाँ’ (उडता सिगार) ही वाइन काढली. 1954मध्ये शातोनफच्या महापौरांनी उडत्या तबकड्यांना गावात उतरायला चक्क बंदी घातली होती. हे नाव त्यावरून. पण खरी वेल आली ती पुढे. शातोनफमधल्या बोकास्तेल या मळ्याच्या पेराँ कुटुंबानं अमेरिकी वाइन आयातदार रॉबर्ट हास यांच्याबरोबर 1989मध्ये पासो रोबल्सजवळ चुनखडीची जमीन घेतली आणि स्वतःच्या मळ्यातल्या काड्या मागवल्या. रोग येऊ नये म्हणून त्या न्यूयॉर्क राज्यात तीन वर्षं विलगीकरणात राहिल्या. नंतर टॅबलास क्रीक या त्यांच्या नव्या मळ्यानं त्या काड्यांची रोपं इतर मळेवाल्यांनाही विकली, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या कितीतरी बाटल्यांचं कूळ थेट बोकास्तेलला जाऊन भिडतं.

हे कूळ तरुण वाइनमध्ये नीट कळत नाही. फळाचा गोडवा आणि तुरटपणा बाकी सगळं झाकून टाकतात. पंधराएक वर्षांत तुरट द्रव्यं एकमेकांना धरून जड होतात आणि गाळ होऊन खाली बसतात. म्हणून अशी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवतात. जुनं बूच ठिसूळ असतं, स्क्रूनं त्याचा भुगा होतो. बाजूनं दोन पातळ पाती सरकवून ते अलगद वर घ्यावं लागतं. मग बाटलीच्या मानेमागे विजेरी धरून वाइन सुरईत हळूहळू ओतायची आणि गाळाची पहिली रेघ मानेशी आली की हात थांबवायचा. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेला जांभळ्याऐवजी विटकरी छटा दिसते. वासात सुकं अंजीर, चामडं, पावसानंतरचा पालापाचोळा. ग्रेनाश हवेनं लवकर थकते, मुर्वेद्र दमदार. तिचा वाटा मोठा असेल तर बाटली जास्त वर्षं तग धरते.

यासाठी तळघर बारमाही तेरा अंशांच्या आसपास हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली मुरत नाही, बिघडते. तशी सोय नसेल तर नाशिकची शिराझ जपून ठेवू नका, दोन-तीन वर्षांतच उघडा.