शांता आपटे उपोषणाला बसल्या, तेव्हा एजंट कुठे होता?

आजचा विषय अंधेरीच्या हवेतच आहे. मी इंजिनिअर, कोड लिहून पोट भरतो. पण राहतो वर्सोव्यात, त्यामुळे चहाच्या टपरीवर एक प्रश्न रोज कानावर पडतो: ‘ॲक्टिंग करायचीय, एजंट कसा मिळेल?’ यूट्यूबवर याची पाच मिनिटांची उत्तरं खूप आहेत. आपण जरा मागे जाऊ, कारण नट आणि काम यांच्या मधे बसणारा हा माणूस आला कुठून हे कळलं, की खरा कोण आणि खोटा कोण हेही बरंचसं कळतं.

सुरुवात १९१३ पासून. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते. मधे कुणीच नाही. नट हवेत म्हणून त्यांनी पेपरात जाहिरात दिली. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई मिळेना. शेवटी एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले. तिथे पगार होता महिना १० रुपये, फाळक्यांनी १५ देऊ केले. बस, झालं कास्टिंग! निर्माता स्वतः शोधतो, स्वतः पैसे देतो.

पुढे आला स्टुडिओंचा जमाना. १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज सुरू केली. आज आपण ज्याला पश्चिम उपनगरातली फिल्म लाइन म्हणतो, तिच्या सुरुवातीच्या मोठ्या ठिकाणांपैकी हे एक. इथे नट म्हणजे पगारी नोकर. अशोक कुमार तिथल्या लॅबोरेटरीत कामाला होते, १९३६ च्या ‘जीवन नैया’त थेट हिरो झाले. दिलीप कुमारांची गोष्ट तर अगदी लोकल ट्रेनची आहे. १९४२ साली चर्चगेट स्टेशनवर त्यांना ओळखीचे डॉ. मसानी भेटले. ते मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये निघाले होते, म्हणाले, चल माझ्याबरोबर. देविका राणींनी त्यांना महिना १२५० रुपयांवर घेतलं. ओळख लागली, पण मसानींनी त्यात टक्केवारी घेतली नाही. नोकरीच होती ती, जशी आपल्याला कॅम्पस प्लेसमेंट लागते तशी.

ऐकायला भारी वाटतं ना? महिन्याला पगार, डोक्याला ताप नाही. पण नोकरी म्हटलं की बॉण्ड आला. आणि बॉण्डवरून भांडण झालं तर तुमच्या बाजूनं बोलणार कोण?

इथे आपल्याला पुण्याला जायला लागेल. प्रभात फिल्म कंपनीत. शांता आपटे ही प्रभातची मोठी स्टार. १९३७ चा ‘कुंकू’ आठवा, मनाविरुद्ध म्हाताऱ्याशी लग्न लावलेली आणि तरीही न वाकणारी नीरा. दोन वर्षांत पडद्याबाहेरही तेच घडलं. करार आणि पगारावरून कंपनीशी वाद झाला आणि १९३९ मध्ये शांताबाई प्रभातच्या फाटकाशी चक्क उपोषणाला बसल्या. देशभर ओळखला जाणारा चेहरा, आणि स्वतःच्या पैशांसाठी गेटवर बसलाय!

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांनी एक पुस्तक लिहिलं. नाव काय, तर ‘जाऊ मी सिनेमात?’ म्हणजे वर्सोव्यातल्या टपरीवरचा प्रश्न ८० वर्षांपूर्वी एका मराठी बाईनं पुस्तकाच्या कव्हरवर छापला होता. सिनेमाचा धंदा नटाला कसा पिळून घेतो, हे त्यांनी त्यात मांडलं. माझ्या मते एजंटची खरी गरज या घटनेत दिसते. शांताबाईंकडे काम होतं, नाव होतं. नव्हता तो फक्त त्यांच्या बाजूनं टेबलावर बसणारा माणूस.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धंद्यात नवा पैसा आला, सुटे निर्माते आले. पगारी पद्धत मोडली आणि नट एकेका सिनेमाचे पैसे घ्यायला लागले. १९५० च्या दशकात प्रभात आणि बॉम्बे टॉकीज दोन्ही बंद झाल्या. शूटिंग मात्र उपनगरांत वाढतच गेलं. गोरेगावला फिल्मिस्तान, अंधेरीला मोहन स्टुडिओ (‘मुघल-ए-आझम’ तिथलाच), आणि १९७७ मध्ये गोरेगावची फिल्मसिटी.

आता मधली माणसं आली. स्टारकडे सेक्रेटरी: तारखांची डायरी सांभाळणार, भाव ठरवणार, टक्केवारी घेणार. माधुरी दीक्षितचे सेक्रेटरी राकेश नाथ, म्हणजे रिक्कू, इंडस्ट्रीत स्वतःच एक नाव होते. आणि गर्दीतल्या माणसांसाठी सप्लायर: उद्या ५० माणसं हवीत म्हटलं की उभी करणार. स्टारला सेक्रेटरी, गर्दीला सप्लायर. मधल्या नव्या नटाला? फोटोंची फाइल आणि निर्मात्याचं ऑफिस.

ही जागा कास्टिंग डिरेक्टरनं भरली. ‘बँडिट क्वीन’साठी (१९९४) तिग्मांशु धुलियांनी केलेलं कास्टिंग आजही उदाहरण म्हणून सांगतात. २०१० च्या ‘बँड बाजा बारात’मधला रणवीर सिंग ही शानू शर्मा यांची निवड. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’नं (२०१२) मुकेश छाब्रांचं नाव घराघरांत गेलं. वर्सोव्याच्या आराम नगरातल्या जुन्या बैठ्या घरांत आज कास्टिंगची ऑफिसं आणि ऑडिशनच्या खोल्या आहेत.

पण इथे सगळे गोंधळतात. कास्टिंग डिरेक्टर तुमचा माणूस नाही, तो निर्मात्याचा आहे. त्याची फी निर्माता देतो. तुमचा माणूस म्हणजे एजंट, आणि तुमच्या कमाईचा हिस्सा हाच त्याचा पगार. अमेरिकेत हा धंदा जुना आहे, विल्यम मॉरिसनं न्यूयॉर्कला १८९८ मध्ये सुरू केला. तिथे १९६२ मध्ये एमसीए कंपनीला सरकारनं सांगितलं की एक तर निर्माते व्हा, नाहीतर नटांचे एजंट राहा. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस कसा बसणार? कंपनीनं एजन्सी सोडली. आपल्याकडे मात्र काही मोठ्या निर्मितीसंस्थांचे स्वतःचे टॅलेंट विभाग आहेत. सही करताना समोरचा कुठल्या खुर्चीवर बसलाय ते बघा.

आता या १०० वर्षांत पैशाची दिशा बघा. साळुंकेंचे १५ रुपये असोत, दिलीप कुमारांचे १२५०, की सेक्रेटरीची टक्केवारी, पैसा निर्मात्याकडून नटाकडे आला आणि मधल्याला त्यातलं मिळालं. नटानं आधी पैसे भरायचे, ही पायरी यात कुठेच नाही.

हे मी पोटतिडकीनं सांगतोय, कारण माझ्या मावसभावानं मुलुंडहून अंधेरीला येऊन एका ऑफिसात ‘रजिस्ट्रेशन आणि पोर्टफोलिओ’चे १८ हजार भरले. फोटो छान आले. फोन आजतागायत आला नाही. कॅलसेंटरच्या पहिल्या तीन महिन्यांची बचत होती ती.

मग एजंट मिळतो कसा? क्रम उलटा आहे: आधी काम, मग एजंट. टक्केवारीवर जगणारा माणूस शून्याचे १० टक्के घेऊन काय करणार? म्हणून आधी कास्टिंग ऑफिसांच्या ऑडिशन्स. मोबाइलवर साधा इंट्रो व्हिडिओ: नाव, वय, उंची, भाषा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा. आणि मराठी मुलांनो, आपल्याकडे एकांकिका स्पर्धा आहेत! लेखक, दिग्दर्शक तिथे येऊन बसतात, तिकीट परवडतं, आणि स्टेजवरचा अर्धा तास रीलमध्ये मावत नाही. दोन-चार छोटी कामं झाली की ती लिंक घेऊन एजन्सीला मेल करा.

एजंट ‘हो’ म्हणाला, तर सही करण्याआधी विचारा: किती टक्के, कुठल्या कामावर, किती वर्षं, आणि बाहेर पडायचं असेल तर कसं? सगळं कागदावर घ्या. सिने-कामगारांसाठी १९८१ मध्ये कायदा झाला, त्यातही लेखी करार सांगितला होता, आणि मधे कंत्राटदार असेल तर निर्माता आणि कंत्राटदार दोघंही करारात हवेत असं म्हटलं होतं. पैसे थकले तर सिंटा ही कलाकारांची संघटना सभासदांच्या तक्रारी घेते. ती काम देत नाही, पण फाटकाशी एकट्यानं बसायची वेळ टाळू शकते.

शांताबाईंच्या पुस्तकाच्या नावात शेवटी प्रश्नचिन्ह आहे. सिनेमात जा की जाऊ नका, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तुमच्या बाजूनं कोण बोलणार, हे मात्र आधीच ठरवून जा.

हा भाग ऑडिशनला निघालेल्या एका तरी मित्राला पाठवा, पैसे भरायच्या आधी. भेटू पुढच्या भागात!